वाचकांची पत्रं, आमची उत्तरं : ट्रंकेतली मॅन्युअल्स

जुन्या संगणकांच्या कागदपत्रांबद्दल इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोद्याच्या वाचकांची पत्रं बरेच दिवस साठली होती. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

माझे सासरे इंजिनिअरिंग कॉलेजच्या मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये होते. त्यांच्यामागे दोन ट्रंका भरून मॅन्युअल्स, फायली आणि वह्या निघाल्या. कबाडी किलोच्या भावाने न्यायला तयार आहे आणि घरात जागा नाही. यातलं ठेवायचं काय? (इंदूर, राजेंद्रनगर)

सगळं ठेवायची गरज नाही, आणि सगळं कबाड्याला द्यायचीही नाही. जमिनीवर चादर पसरा आणि ढीग करत चला. दोघांना एक दुपार पुरते.

पहिला ढीग परदेशी छापील मॅन्युअल्सचा: आयबीएम, डेक, इंटेल, एपसन वगैरे. यांतली बहुतेक बिटसेव्हर्स (जुन्या संगणकांच्या कागदपत्रांची साइट) किंवा इंटरनेट अर्काइव्हवर कुणीतरी आधीच स्कॅन करून ठेवलेली असतात. पण नुसतं नाव जुळलं म्हणून पुस्तिका टाकू नका. मुखपृष्ठावरचा किंवा मलपृष्ठावरचा पार्ट नंबर आवृत्तीसकट जुळवा. आयबीएमच्या ‘ए२२-६८२१-०’ या क्रमांकातलं शेवटचं शून्य म्हणजे पहिली आवृत्ती. त्याच पुस्तिकेवर शेवटी ७ असेल तर ती आठवी. मधल्या आवृत्त्यांत सूचना बदलतात, चुका दुरुस्त होतात, कधी नव्या चुका शिरतात. आवृत्ती तंतोतंत जुळली आणि नेटवरची प्रत पूर्ण व वाचनीय असली, तर तुमची प्रत खुशाल जाऊ द्या.

दुसरा ढीग इथे बनलेल्या यंत्रांचा, आणि खरा जीव यातच आहे. सरकारी कंपनी ईसीआयएलची टीडीसी-३१२, टीडीसी-३१६, आयसीआयएम, एचसीएल, डीसीएम, विप्रो यांची सुरुवातीची यंत्रं, शाळांमधल्या ‘क्लास’ योजनेसाठी मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने बनवलेला युनिकॉर्न, म्हणजे बीबीसी मायक्रो या ब्रिटिश शालेय संगणकाची आपल्याकडची आवृत्ती, पीसीवर भारतीय लिप्या दाखवणारं जिस्ट कार्ड, ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर शिकण्यासाठीची ट्रेनिंग किटं. यांची पुस्तिका मशीनमागे एक या हिशोबाने छापली जायची, आणि मशीन भंगारात गेलं की पुस्तिकाही त्याच्याबरोबर जायची. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला, तेव्हा त्यांच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. अशा देखभालीसाठी इथल्या इंजिनिअरांनी काढलेल्या सायक्लोस्टाइल नोट्स हाती लागल्या, तर त्या सगळ्यात वर ठेवा. दिसायला त्या अगदीच गबाळ्या असतात.

तिसरा ढीग हाताने लिहिलेल्या वह्यांचा. पोर्टचे पत्ते, जंपर कुठे लावला, कोणती चिप बदलली, हे छापील मॅन्युअलमध्ये कधीच नसतं. मॅन्युअलच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलंही याच किमतीचं. ते खोडून पान ‘स्वच्छ’ करू नका. वह्यांत लोकांचे पत्ते, पगाराचे कागद, हजेरीपट असतील तर तेवढे मात्र वेगळे काढा. ते नेटवर जायचं कारण नाही.

राहिली ‘बेसिक शिका’ आणि ‘डॉस तीस दिवसांत’ छापाची पुस्तकं. ती खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानात द्या.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात आलं, तेव्हा खालच्या कपाटातल्या फायली भिजल्या. उन्हात वाळवल्या. आता पानं एकमेकांना चिकटली आहेत, कुबट वास येतो आणि काळे-हिरवट ठिपके आहेत. काही होऊ शकेल का? (बडोदा, दांडिया बाजार)

बरंचसं होऊ शकेल. ठिपके बुरशीचे आहेत, म्हणून एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून काम करा. ते गच्चीवर किंवा अंगणात सावलीत करा, बंद खोलीत पंख्याखाली मुळीच नको. कागद हाताला पूर्ण कोरडा लागत असेल तरच मऊ ब्रशने बुरशी एका दिशेने, स्वतःपासून दूर झाडा. ओल्या फडक्याने पुसलं की तीच बुरशी तंतूंत मुरते आणि डाग कायमचा होतो.

साधा, खरखरीत कागद चिकटला असेल तर पातळ, बोथट पट्टी कोपऱ्यातून सरकवून पानं सुटतात. गुळगुळीत आर्ट पेपर सुटत नाही. त्याच्यावरचा लेप पाण्यात विरघळतो आणि वाळताना सरसासारखा धरतो. जबरदस्ती केली तर एका पानाची अक्षरं दुसऱ्यावर निघून येतात. तिथे वरची दोन पानं स्कॅन करा आणि बाकीचा गठ्ठा कागद-संवर्धन जाणणाऱ्याला दाखवा. तुमच्याच शहरात ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्ये पोथ्यांचा मोठा संग्रह आहे. असं काम करणाऱ्यांचा पत्ता तिथे विचारता येईल.

फायलीत निळ्या-जांभळ्या रेघांचे मोठे नकाशे असतील, तर ते अमोनिया प्रिंट आहेत. ते सगळ्यात आधी स्कॅन करा, कारण उजेडाने ते उडतात. उन्हात वाळवताना त्यांचं नुकसान झालंच असणार. सर्किटच्या रेघा फिक्या वाटल्या तर कृष्णधवल न करता रंगीत स्कॅन घ्या. डोळ्यांना दिसत नाही तेही रंग वेगवेगळे काढून पाहिल्यावर बऱ्याचदा दिसतं.

पुढच्या पावसाळ्यासाठी: भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्या वेळात वाळवणं जमणार नसेल, तर ओल्याच फायली बटर पेपरमध्ये गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये टाका. गोठलेल्या कागदाची आहे तीच अवस्था टिकते. मग सवडीने दोन-तीन फायली बाहेर काढून सावलीत, मध्ये कोरे टीपकागद घालून वाळवा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. आणि कपाटाचा खालचा कप्पा भांड्यांना द्या.

८०८५ किटचं मॅन्युअल दुकानातून स्कॅन करून आणलं. शेवटची ४० पानं मॉनिटर प्रोग्रॅमच्या (किट चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) लिस्टिंगची आहेत. पीडीएफ सुरेख दिसते, पण त्यावरून ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर) करून नवीन ईप्रॉम (प्रोग्रॅम साठवणारी चिप) भरला तर किट सुरूच होत नाही. चूक कुठे असेल? (ग्वाल्हेर, लष्कर)

चूक दोन ठिकाणी असू शकते, आणि दोन्ही ठिकाणी ती डोळ्यांना दिसत नाही.

पहिलं ठिकाण स्कॅनर. फाइल लहान व्हावी म्हणून काही यंत्रं जेबिग२ नावाचं कॉम्प्रेशन वापरतात. त्याच्या एका पद्धतीत पानावरचे एकसारखे दिसणारे ठसे शोधून सगळीकडे एकच ठसा बसवला जातो. बारीक टाइपात ६ आणि ८ ‘जवळजवळ सारखे’ ठरले की ६ च्या जागी ८ येतो, तोही अगदी ठळक आणि नेटका. २०१३ मध्ये जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी झेरॉक्स वर्कसेंटर यंत्रांत हे घडत असल्याचं दाखवून दिलं होतं. धूसर स्कॅनमध्ये चूक झाली तर निदान शंका येते. इथे ती येत नाही. म्हणून दुकानदाराला ‘कॉम्पॅक्ट पीडीएफ’ बंद करून टिफ (चित्र जसंच्या तसं साठवणारी) फाइल द्यायला सांगा. दुकानात जमत नसेल तर घरी साधा फ्लॅटबेड बरा.

लिस्टिंगच्या पानांसाठी ४०० डीपीआय (इंचामागे ठिपके) ग्रेस्केल घ्या, टाइप फार बारीक असेल तर ६००. नंतर स्कॅनटेलर या फुकट प्रोग्रॅममध्ये पान सरळ करून ६०० डीपीआय कृष्णधवल काढा आणि ग्रुप-४ कॉम्प्रेशनने साठवा. ग्रुप-४ एकही ठिपका बदलत नाही. ए-४ पान ६०० डीपीआयला ४९६० गुणिले ७०१६ ठिपक्यांचं, म्हणजे कच्चं सव्वाचार एमबीच्या वर भरतं. ग्रुप-४ मध्ये साध्या मजकुराचं तेच पान शंभर-दीडशे केबीच्या आसपास बसतं. मग जेपेगच्या मागे कशाला लागायचं? जेपेग अक्षरांच्या कडेला धूळ सोडतो आणि ओसीआर ती धूळही वाचतो. छायाचित्रं आणि राखाडी छटा असलेली पानं मात्र ग्रेस्केलच ठेवा. कृष्णधवलमध्ये ती काळी ठिक्कर पडतात.

दुसरं ठिकाण ओसीआर. ही लिस्टिंग्ज बहुधा नऊ पिनांच्या डॉट मॅट्रिक्सवर, झिजलेल्या रिबनने काढलेली असतात. शून्यात तिरकी रेघ असते आणि ओसीआर त्याला ८ वाचतो. रोमन लिपीतले ८ आणि बी, ० आणि डी, ५ आणि एस, १ आणि आय यांचीही अदलाबदल होते. लिस्टिंगमधले बाइट सोळामान (हेक्स) अंकांत असतात. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅममध्ये फक्त ० ते ९ आणि ए ते एफ इतकीच अक्षरं मान्य करायची सोय आहे. ती लावली की एस आणि आय जातात, पण बाकीचा घोळ राहतोच.

तो पकडायला ८०८५ स्वतः मदत करतो. एका बाइटच्या २५६ संभाव्य किमतींपैकी २४६ च अधिकृत सूचना आहेत. समजा मूळ बाइट ‘सी८’ आहे, म्हणजे शून्य आल्यास परत फिरण्याची आरझेड सूचना, आणि ओसीआरने ‘सीबी’ वाचलं. ‘सीबी’ अधिकृत यादीत नाही, चूक लगेच हाती लागते. पण ‘८८’ च्या जागी ‘बी८’ आलं तर दोन्ही वैध आहेत, पहिलं एडीसी बी आणि दुसरं सीएमपी बी. इथे यादी गप्प बसते. म्हणून बाइटचा स्तंभ आणि शेजारचा निमॉनिकचा (सूचनांच्या अक्षरी नावांचा) स्तंभ वेगवेगळे टाइप करा, निमॉनिक असेम्बलरमधून (नावांचे बाइट करणाऱ्या प्रोग्रॅममधून) काढा आणि आलेले बाइट पहिल्या स्तंभाशी ताडा. पत्ते सलग आहेत का तेही त्यातच कळतं. ‘सी३ ५० २०’ म्हणजे २०५० वर उडी, तीन बाइटची सूचना. पुढच्या ओळीचा पत्ता तीननेच वाढला पाहिजे. उडीच्या पत्त्यात खालचा बाइट आधी येतो हे विसरून पुष्कळ जण ‘५०’ आणि ‘२०’ ची ‘दुरुस्ती’ करून बसतात.

मॅन्युअलमध्ये कोलनने सुरू होणाऱ्या ओळी असतील तर तुमचं निम्मं काम झालं. तो इंटेल हेक्सचा नमुना, आणि त्यात प्रत्येक ओळीची तपासणी ओळीतच असते. उदाहरणार्थ, ‘०३ ०० ०० ०० सी३ ५० २० सीए’. पहिल्या सात बाइटची दशमान बेरीज ३ + १९५ + ८० + ३२, म्हणजे ३१०. त्यातून २५६ वजा केले की ५४ उरतात. २५६ मधून ५४ गेले की २०२, आणि २०२ म्हणजेच ‘सीए’. ज्या ओळीचा हिशोब जुळत नाही, तेवढीच भिंगाखाली घ्या.

या सगळ्याआधी एक गोष्ट. किटमध्ये मूळ ईप्रॉम शिल्लक असेल तर तो आधी वाचून घ्या. २७१६ मध्ये २ केबी आणि २७३२ मध्ये ४ केबी असतात, आणि वाचण्यापुरता साधा यूएसबी प्रोग्रॅमर चालतो. तीनदा वाचा. तिन्ही फायली सारख्या आल्या तरच विश्वास ठेवा, नाहीतर पाय साफ करून पुन्हा वाचा. चिपवरच्या काचेच्या खिडकीचा स्टिकर पडला असेल तर अपारदर्शक पट्टी लगेच लावा. इंटेलने दिलेल्या अंदाजाप्रमाणे थेट उन्हात अशी चिप साधारण आठवड्याभरात पुसली जाते, ट्यूबलाइटखाली तीनेक वर्षांत. चाळीस वर्षांचा ईप्रॉम आणि चाळीस वर्षांचा कागद एकमेकांशी ताडून पाहता येतात, तोवरच हे काम सोपं आहे.

बांधणी कापून स्कॅन करावं की पुस्तक तसंच ठेवून? (इंदूर, तसंच बडोद्याहून दोघे)

प्लास्टिकच्या कंगव्याची किंवा रिंगची बांधणी असेल तर प्रश्नच नाही, उघडा आणि परत बसवा. जुना कंगवा कडकडीत झालेला असतो, तो मोडणारच. नवा स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. पिना गंजल्या असतील तर बोथट सुरीने पाय सरळ करून मागून ढकला. पुढून ओढल्या की कागद फाटतो.

डिंकाच्या बांधणीचं आणि नेटवर नसलेलं मॅन्युअल असेल तर आमचं मत कापण्याच्या बाजूने आहे. पानं सुटी झाल्यावर स्कॅन सपाट येतो आणि पुन्हा स्पायरल करता येतं. कापण्याआधी प्रत्येक पानाच्या मागे खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक घाला. छापखान्याच्या कटिंग मशीनवर मणक्याकडून ३ ते ४ मिलिमीटरच घ्यायला सांगा, आणि घडीचे मोठे नकाशे आधी काढून घ्या, नाहीतर तेही कापले जातात. दोऱ्याने शिवलेलं पुस्तक कापू नका. ते ९० अंशांत उघडून दोन पाट्यांच्या आधाराने कॅमेऱ्याने टिपा. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलने ए-४ पान कागदोपत्री ३४० डीपीआयच्या आसपास येतं, पण लेन्समुळे प्रत्यक्षात कमी. मजकुराला चालतं, सर्किटला नाही. मोबाइलच्या स्कॅन-ॲपमधला ‘सुधारणा’ फिल्टर बंद ठेवा. समासातली पेन्सिल तोच खातो.

फीडरवाल्या स्कॅनरवर सगळ्या पानांवर एकाच जागी उभी रेघ येत असेल, तर ते छापण्यातलं दूषण नव्हे. फीडरच्या चिंचोळ्या काचपट्टीवर शाईचा किंवा डिंकाचा कण आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. जुना डिंक सुटा होत असतो, त्यामुळे दर ५० पानांनी पुसायचीच सवय ठेवा. ए-३ नकाशा ए-४ काचेवर दोन भागांत घेताना दोन-तीन सेंटिमीटर दोन्हीकडे सामाईक ठेवा, म्हणजे जोडता येतो.

प्लास्टिकच्या पाकिटांत घातलेल्या झेरॉक्स प्रती पाकिटांना चिकटल्या आहेत. ओढल्या तर अक्षरं प्लास्टिकवर राहतात. (बडोदा)

ओढू नका. पाकीट पीव्हीसीचं आहे. त्याला लवचीक ठेवणारं द्रव्य बाहेर झिरपतं आणि टोनर मऊ करतं. आधी पाकिटासकट स्कॅन करून घ्या. जी अक्षरं प्लास्टिकवर गेलीच आहेत, ते प्लास्टिक फेकू नका. पांढऱ्या कागदावर ठेवून बाहेरच्या बाजूने स्कॅन केलं की अक्षरं सुलटी वाचता येतात. पुढे पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं किंवा साधे कागदी फोल्डर वापरा. लॅमिनेशनच्या वाटेला जाऊ नका. ते सुटत नाही आणि कागद आत अडकतो.

वाचनालयात १९८५ च्या सुमाराची संगणक मॅन्युअल्स आहेत. स्कॅन करून नेटवर टाकली तर कायद्याची अडचण येईल का? कंपनीच बंद झाली आहे. (ग्वाल्हेर, एका वाचनालयाचे कार्यवाह)

कंपनी बंद झाली म्हणून हक्क संपत नाहीत. ते विकत घेणाऱ्याकडे किंवा वारसाकडे जातात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचं नाव न देता काढलेल्या पुस्तिकेला प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण असतं. सरकारी प्रकाशनं आणि सार्वजनिक उपक्रमांची प्रकाशनं यांनाही तेवढंच. म्हणजे १९८५ चं मॅन्युअल २०४५ अखेरपर्यंत हक्कात आहे.

तुमच्या वाचनालयाला मात्र दोन सवलती आहेत, दोन्ही कलम ५२ मध्ये. विना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक साठवण करता येते. आणि पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तर ग्रंथालयाच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीन प्रती काढता येतात. म्हणजे स्कॅन करायला आणि ठेवायला आडकाठी नाही. सर्वांसाठी नेटवर टाकणं या सवलतींत बसत नाही. हक्कधारक सापडत असेल तर दोन ओळींचं पत्र पाठवून लेखी परवानगी मागा. यंत्रच बाजारात नसल्यामुळे कंपन्या पुष्कळदा हो म्हणतात. परवानगीचं पत्र स्कॅनच्या फोल्डरमध्येच ठेवा. परवानगी येईपर्यंत निदान सूची तरी जाहीर करा: कोणती मॅन्युअल्स तुमच्याकडे आहेत एवढंच. शोधणाऱ्याला तेवढ्यानेही वाट सापडते.

कारखान्यातल्या जुन्या मशीनच्या कंट्रोलरचं मॅन्युअल आहे, पण मधली सहा पानं गायब आहेत. असं अपुरं मॅन्युअल कुणाला देण्यात अर्थ आहे का? (बडोदा, मकरपुरा जीआयडीसी)

आहे, फक्त ते अपुरं असल्याचं स्पष्ट लिहून. कोणती पानं नाहीत त्यांचे क्रमांक वर्णनात द्या, आणि पीडीएफमध्ये त्या जागी ‘पान उपलब्ध नाही’ असं कोरं पान घाला. नाहीतर पुढच्याला वाटतं स्कॅन करणाऱ्याचा हात घसरला. याउलट मूळ छापील पुस्तकात जी कोरी पानं आहेत तीही स्कॅन करा, म्हणजे पानांची मोजणी जुळते.

फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता: आधी कंपनी, मग मॉडेल, पार्ट नंबर, आवृत्ती, महिना-वर्ष. ‘स्कॅन००१’ नावाची फाइल कुणालाच सापडत नाही, वर्षभराने तुम्हालाही नाही. कंट्रोलर अजून चालू असेल तर मशीनवर चालणारी सिरिअल पोर्टची सेटिंगं वेगळ्या पानावर लिहून जोडा: बॉड रेट, पॅरिटी, स्टॉप बिट, केबलची जोडणी. २५ पिनांच्या टोकावर पिन २ पाठवते आणि ३ घेते, पण पीसीच्या ९ पिनांच्या टोकावर नेमकं उलटं. ग्राउंड २५ मध्ये सातवी पिन, ९ मध्ये पाचवी. गायब पानं बहुधा हीच असतात, कारण तीच सगळ्यात जास्त हाताळली जातात.

मूळ टिफ फायली दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी. पुण्याला कुणीतरी असतंच. पेनड्राइव्ह ने-आण करण्यापुरता.

मॅन्युअल्सना कसर लागली आहे. डांबर गोळ्या पुरतील का? (इंदूर)

नाही. गोळ्यांनी कसर लांब राहते, पण आत असलेली आणि तिची अंडी मरत नाहीत. शिवाय वास कागदात वर्षानुवर्षं राहतो. कागद कोरडे असल्याची खात्री करा. झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात एवढी थंडी नसते. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर गार कागदावर दव धरेल.